मोफत गॅजेटच्या ऑफर: वस्तूचे पैसे नेमके कोण भरतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुतण्याला व्हॉट्सॲपवर एका मोठ्या शॉपिंग कंपनीच्या नावाने लिंक आली. चार प्रश्नांची उत्तरं दिल्यावर त्याला स्मार्टवॉच 'लागलं'. डिलिव्हरीचे ४९ रुपये भरून आठ दिवस झाले, पण अजून काही आलेलं नाही. त्याच्या मित्राला मात्र मागे अशाच कुठल्याशा ऑफरमध्ये इअरबड्स खरोखर मिळाले होते. म्हणून तुम्ही विचारताय की हे सगळंच खोटं असतं, की काही ऑफर खऱ्या असतात?

आधी तातडीचं. ते ४९ रुपये कशाने भरले हे पुतण्याला आजच विचारा. यूपीआयने भरले असतील तर ज्या ॲपमधून भरले त्यातला 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' (म्हणजे पुढे आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी) हा भाग उघडून बघा. तिथे अनोळखी नाव दिसलं तर ते लगेच रद्द करा. कार्डाने भरले असतील तर बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. ४९ रुपये गेले ते गेले, पण या दोन वाटांनी पुढची मोठी रक्कम जाऊ शकते. कारण खाली देतो.

आता मूळ प्रश्न. 'खरी की खोटी' असं विचारलं की माणूस लोगो, भाषा आणि खालच्या प्रतिक्रिया बघत बसतो, आणि या तिन्ही गोष्टी नकली करणं अगदी सोपं आहे. ऑफर तपासताना मी एकच गोष्ट शोधतो: या वस्तूचे पैसे कोण भरतंय, आणि त्याला ते का परवडतंय? घड्याळ कुठेतरी बनतं, कुणीतरी ते विकत घेतं, कुरिअरचा खर्च येतो. हा खर्च करणारा आणि त्याचं कारण सापडलं की बाकीचं आपोआप उलगडतं. उत्तरं साधारण चार निघतात. कुणीच पैसे भरत नाही, म्हणजे वस्तूच नाही. किंवा तुम्हीच भरता, फक्त वेगळ्या नावाने. किंवा तुमच्या ओळखीची माणसं आणि तुमची माहिती यांतून ते वसूल होतात. आणि क्वचित, कुणीतरी ठोस कारणासाठी खरोखर भरतो.

तुमच्या पुतण्याचं प्रकरण पहिल्या प्रकारातलं आहे. मार्च २०२१मध्ये 'ॲमेझॉनचा ३०वा वर्धापनदिन, सर्वांना मोफत भेट' असा संदेश देशभर फिरला होता. चार प्रश्न, मग काही खोकी, त्यातलं एक निवडा, की महागडा फोन लागायचा. आणि शेवटी अट: पाच ग्रुपना किंवा वीस मित्रांना पाठवा. कंपनी १९९४ची, म्हणजे तेव्हा तिला सत्तावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. साधी वजाबाकी केली असती तरी पुरलं असतं. त्या कंपनीचा या संदेशाशी काही संबंध नव्हता. असल्या पानांवर पहिलं खोकं रिकामं आणि पुढचं बक्षिसाचं, हे पानाच्या कोडमध्येच लिहून ठेवलेलं असतं. प्रत्येकजण जिंकतो. 'फक्त ३ मिनिटं शिल्लक' हे घड्याळ पान पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होतं. प्रश्नांच्या उत्तरांशी कुणाला देणंघेणं नसतं. मेहनत केली म्हणजे बक्षिसावर हक्क आहे, ही भावना तयार करण्यासाठी ते प्रश्न असतात.

मग ४९ रुपये कशाला? इतकी रक्कम कुणी विचार करून भरत नाही आणि बुडाली तर तक्रारही करत नाही. पण पैसे कमावण्याची खरी जागा पुढे आहे. एक म्हणजे मँडेट. यूपीआय ऑटोपे मंजूर करताना तुम्ही एकदाच पिन टाकता. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचा प्रत्येक हप्ता पिनशिवाय कापला जाऊ शकतो. मंजुरीच्या पडद्यावर कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि शेवटची तारीख दिलेली असते, पण घाईत नजर फक्त ४९ वर जाते. दुसरी वाट कार्डाची. भारतातल्या व्यवहाराला ओटीपी लागतो, पण परदेशातल्या बऱ्याच साइट नुसता कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापू शकतात. म्हणून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे ना, हे बँकेच्या ॲपमध्ये पाहून ठेवा. २०२०पासून नवीन कार्डावर तो बंदच दिलेला असतो, पण कधीतरी चालू केला आणि तसाच राहिला असं खूप ठिकाणी होतं.

तिसरी वाट सगळ्यात वाईट: 'डिलिव्हरी ट्रॅक करण्यासाठी हे ॲप घ्या' म्हणून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप थेट बसवायची फाइल येते. ती प्ले स्टोअरवरची नसते. ती बसवताना एसएमएस वाचायची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. पहिल्या परवानगीने ओटीपी ठगांकडे जातो. दुसरीने ते तुमचा पडदा वाचू शकतात आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतात.

लिंक खरी आहे का हे तपासायचं असेल तर पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. 'https' नंतरचा भाग पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्या आणि शेवटचे दोन तुकडे बघा (शेवट 'को.इन' किंवा 'ओआरजी.इन' असा असेल तर तीन). 'अमुककंपनी.कॉम.महाऑफर.शॉप' या पत्त्याचा मालक अमुककंपनी नसून 'महाऑफर.शॉप' आहे. कुलुपाचं चिन्ह पाहून फसू नका. त्याचा अर्थ फक्त मधली वाहतूक सांकेतिक आहे एवढाच, समोरचा प्रामाणिक आहे असा नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे लिंकला हातच लावू नये. कंपनीचं ॲप उघडून ऑफर तिथे दिसते का ते पाहा. खरी असेल तर तिथे असणारच.

आता दुसरा प्रकार, जिथे वस्तू येते पण पैसे तुमचेच असतात. इथे फसवणूक असेलच असं नाही, गणित मात्र करावं लागतं. समजा फोन २४,९९९ रुपयांना आहे आणि सोबत '४,९९९चे इअरबड्स मोफत' आहेत. तोच फोन दुसरीकडे इअरबड्सशिवाय २२,९९९ला मिळत असेल तर इअरबड्सची किंमत झाली २,०००. तेच इअरबड्स सुटे १,४९९ला मिळत असतील तर 'मोफत' वस्तू तुम्ही पाचशे रुपये जास्त देऊन घेतली. तुलना छापील किमतीशी करू नका, बाजारात आज ज्या भावाने मिळतंय त्याच्याशी करा. बिलावर दोन्ही वस्तू सीरियल क्रमांकासह वेगळ्या लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर 'ही खरेदी दाखवा' म्हणून अडवतं. फोन परत करायची वेळ आली तर इअरबड्सही परत द्यावे लागतात का, हेही आधीच विचारा. क्रेडिट कार्डावर गॅजेट मोफत असेल तर वार्षिक शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा: ३,०००चं शुल्क प्रत्यक्षात ३,५४० होतं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येतं.

या प्रकाराचं चांगलं उदाहरण २०१७चा जिओफोन. जाहीर करताना 'प्रत्यक्षात मोफत' असा शब्द होता. १,५०० रुपये अनामत भरायची, तीन वर्षांनी फोन परत केला की ती परत मिळायची. नंतर अटी बाहेर आल्या तेव्हा कळलं की दरवर्षी किमान १,५०० रुपयांचा रिचार्जही करायचा होता. म्हणजे तीन वर्षांत ४,५०० रुपये, आणि शेवटी फोनही हातात राहत नाही. तरीही हा सौदा सरसकट वाईट नव्हता. ज्याला तेवढा रिचार्ज करायचाच होता त्याला फोन जवळपास फुकटच पडला. ज्याला महिन्याला पन्नास रुपयेच खर्चायचे होते त्याला तो महाग पडला. म्हणून अशा ऑफरला मी 'घ्या' किंवा 'नको' असं सरळ उत्तर देत नाही. ऑफर नसती तरी तो खर्च तुम्ही केलाच असता का? हो असेल तर घ्या.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, किमतीत आधीच धरलेली वस्तू 'मोफत' म्हणून दाखवणं किंवा द्यायची नाहीच अशा भेटी जाहीर करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जाहिरातींविषयीच्या जून २०२२च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'मोफत' म्हटलेल्या वस्तूवर प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि पोहोचवण्याचा खर्च एवढंच घेता येतं. पॅकिंग, हाताळणी, प्रशासकीय शुल्क असलं काही लावता येत नाही. म्हणजे नुसता डिलिव्हरी चार्ज मागितला म्हणून ऑफर खोटी ठरत नाही, पण 'हँडलिंग चार्ज' दिसला तर कंपनी खरी असली तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मित्राला इअरबड्स कसे मिळाले असतील, याचं उत्तर बहुधा तिसऱ्या प्रकारात आहे. अमेरिकेत २००४च्या सुमारास 'फ्री आयपॉड' साइट गाजल्या. जाहिरातदाराची एक योजना तुम्ही घ्यायची, पाच मित्रांनाही घ्यायला लावायचं, मग आयपॉड घरी. काहींना तो खरोखर मिळाला. जाहिरातदार प्रत्येक नवीन ग्राहकामागे साइटला पैसे देत होता, त्यातूनच आयपॉड विकत घेतला जात होता. पण आकडेमोड करून बघा. प्रत्येकाला पाच माणसं लागतात. एकापासून सुरुवात केली तर दहाव्या पायरीवर ९७,६५,६२५ माणसं हवीत. म्हणजे लवकर आलेल्या थोड्यांना वस्तू मिळते, आणि त्यांचं 'मला मिळालं' हीच पुढची जाहिरात होते. २००६मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने अशाच एका कंपनीवर लोकांची माहिती विकल्याबद्दल खटला भरला.

आपल्याकडे हाच प्रकार 'रिव्ह्यू द्या, पूर्ण पैसे परत' या रूपात टेलिग्रामवर चालतो. वस्तू तुम्ही स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची, पाच तारे द्यायचे, मग पैसे परत. सुरुवातीला चार-पाचशे रुपयांच्या एकदोन वस्तूंचे पैसे वेळेवर येतात. मग दहा-पंधरा हजारांची वस्तू घ्यायला सांगतात आणि 'परतीची मुदत संपल्यावर पैसे देऊ' अशी अट घालतात. ही अट नीट समजून घ्या. सात किंवा दहा दिवसांची मुदत उलटली की शॉपिंग साइटकडून पैसे मिळवायचा तुमचा हक्कही जातो, आणि देणारा तर आधीच गायब झालेला असतो. शिवाय तुमच्या खोट्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवून दुसरा कुणीतरी ती वस्तू घेतो. याच्यापासून लांबच राहा, मित्रालाही सांगा. खरे चाचणी-कार्यक्रम असतात, पण 'ॲमेझॉन व्हाइन'सारख्या ठिकाणी कंपनी स्वतः निमंत्रण देते. तिथे आधी पैसे भरावे लागत नाहीत आणि किती तारे द्यायचे हेही सांगितलं जात नाही.

चौथा प्रकार खरा मोफत. महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण म्हणजे नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेची टॅबलेट योजना. दहावीनंतर जेईई, नीट, एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि रोजचा ६ जीबी डेटा मिळतो. इथे पैसे कोण भरतंय हे स्पष्ट आहे, पात्रता ठरलेली आहे, जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर लागतं, आणि अर्जाला शुल्क नाही. घरात असा विद्यार्थी असेल तर जरूर अर्ज करा. मात्र या संस्थेचा पत्ता 'डॉट ओआरजी डॉट इन' आहे, 'जीओव्ही' नाही. म्हणजे 'सरकारी असेल तर जीओव्हीच हवं' हा नियम नेहमी लागू पडत नाही. संस्थेचं नाव आधी वर्तमानपत्रातली जाहिरात, शाळा किंवा समाजकल्याण कार्यालयातून पक्कं करा आणि मग साइटवर जा. 'पंतप्रधान मोफत लॅपटॉप योजना' म्हणून जे फॉरवर्ड फिरतात, ते खोटे असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकने (केंद्र सरकारच्या तथ्य-तपासणी विभागाने) अनेकदा जाहीर केलंय.

यूट्यूब चॅनेल आणि ब्रँड यांच्या स्पर्धाही खऱ्या असू शकतात. तिथे धोका वेगळा आहे. चॅनेलचाच फोटो लावलेलं दुसरं खातं तुमच्या कमेंटखाली 'अभिनंदन, टेलिग्रामवर संपर्क करा' लिहितं. खरा चॅनेल निकाल व्हिडिओत किंवा स्वतःच्या पोस्टमध्ये जाहीर करतो.

बक्षिसावरच्या कराबद्दल खूप गोंधळ आहे, आणि ठग त्याचाच फायदा घेतात. 'कर मागितला म्हणजे फसवणूक' हे अर्धसत्य आहे. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर खरोखर लागतो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजकाला ती देता येत नाही. ८०,००० रुपयांचा फोन लागला तर २४,०००चा कर येतो. बरेच आयोजक तो स्वतः भरतात, काही विजेत्याकडून घेतात. मग फरक कसा ओळखायचा? खरा आयोजक पॅन घेतो, लेखी अटी देतो, कंपनीच्या खात्यात रक्कम घेतो, कर भरल्याचं प्रमाणपत्र देतो, आणि ती कपात तुमच्या पॅनवर आयकर विभागाच्या नोंदीत दिसते. ठग 'जीएसटी', 'फाइल चार्ज', 'विमा' असे एकामागून एक आकडे सांगतो आणि रक्कम कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागतो. परदेशातून भेट येत असेल तर सीमाशुल्कही खरं असतं, कारण पाच हजारांपर्यंतच्या भेटींची सूट डिसेंबर २०१९मध्ये बंद झाली. पण ते पार्सल हाती देताना टपाल खातं किंवा कुरिअर पावतीवर घेतं. 'कस्टम अधिकारी' म्हणून फोन करणाऱ्याला द्यायचं नसतं.

आणि वस्तू खरंच घरी आली तर? लोक इथे निर्धास्त होतात. २०२४च्या अखेरीस बेंगळुरूत एकाला क्रेडिट कार्डासोबतची भेट म्हणून नवा फोन कुरिअरने आला. सिम त्यात घालायला सांगितलं होतं. फोनमध्ये आधीच ॲप पेरलेले होते, संदेश त्यांच्यामार्फत वळवले गेले आणि २.८ कोटी रुपये गेले. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने स्वस्त, अनोळखी ब्रँडच्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सबद्दल असाच इशारा दिला: मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, काहींत विकत घेण्याआधीच आत असतं. ते सिस्टिमच्या भागात असेल तर फॅक्टरी रिसेटनेही जात नाही. म्हणून न मागता आलेल्या फोनमध्ये आपलं बँकेला जोडलेलं सिम कधीही घालू नका. खऱ्या मार्गाने मिळालेल्या फोनचाही *#०६# करून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि 'संचार साथी' या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर तपासा. 'ब्लॅकलिस्टेड' किंवा 'डुप्लिकेट' आलं तर तो फोन वापरू नका. चोरीचा फोन तुमच्या नावावरच्या सिमने चालू झाला तर पोलिसांची विचारणा तुमच्याकडे येते.

मोफत चार्जर आणि पॉवर बँक यांच्याबाबत मी जास्त कडक आहे. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताला लागणारी ५ व्होल्टची बाजू यांमध्ये पुरेसं अंतर आणि इन्सुलेशन लागतं. स्वस्त मालात पहिली काटकसर तिथेच होते. वस्तूवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'R'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. निर्मात्याचं नाव आणि वस्तूचा प्रकार जुळला नाही तर ती वापरू नका, दुसऱ्याला देऊही नका.

आता पुतण्याकडे परत येऊ. त्याने नेमकं काय दिलं त्यावर पुढचं ठरेल. फक्त नाव-नंबर दिला असेल तर काही दिवस फोन येतील, तेवढं सांभाळा, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढा. आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा, आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. न घेतलेलं कर्ज त्यात दिसेल.

एपीके बसवली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. ॲक्सेसिबिलिटी आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या दोन्ही ठिकाणांहून त्या ॲपचा हक्क काढा, मगच ते अनइन्स्टॉल होतं. त्यानंतर फोटो आणि कॉन्टॅक्ट वाचवून फॅक्टरी रिसेट करा. सिम परत चालू झाल्यावर ##००२# डायल करून सगळं कॉल फॉरवर्डिंग बंद करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून.

४९ पेक्षा एक रुपयाही जास्त गेला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली तर ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक (यूटीआर), लिंकचा पूर्ण पत्ता आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा, चॅट पुसू नका. बँकेला लेखी कळवायला उशीर करू नका. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पुतण्याने ती लिंक ज्या ग्रुपांवर पाठवली तिथेही आजच स्पष्ट लिहायला सांगा. त्यातल्या कुणीतरी एव्हाना ४९ रुपयांचं ते पान उघडलेलं असेल.